मुकादमाची टोळी

नाशिकची द्राक्षं परदेशी जातात ती आपल्या खांद्यावरून, असं पुंजाराम मुकादम सांगायचा; खांद्यावर टॉवेलापेक्षा जड काही कुणी पाहिलं नव्हतं. बागायतदार देईल त्यातली निम्मी मजुरी स्वतःपाशी जपून ठेवून तो पेठ तालुक्यातून आणलेल्या बायकांना त्यांच्याच डब्यातली भाकरी खात म्हणायचा, "बाजारच पडलाय." आज मालकीणबाई चहा देताना मजुरीचा खरा आकडा बोलून गेल्या. एरवी परतताना गाणाऱ्या बायका पिकअपमध्ये बोटांवर हिशेब करत बसल्या. घाटात त्यांच्यातल्या मंजुळाबाईनं गाडी थांबवून मुकादमाला खाली बोलावलं. पाठीशी दरी, समोर बायकांचं कडं, प्रत्येकीच्या हातात घड विरळायची कात्री. "ताई, मला पोरंबाळं हायेत," तो पहिल्यांदाच तिला ताई म्हणाला. "आमालाबी हायेत," म्हणत ती पुढं सरकली. त्यानं डोळे मिटले. "पुढचं काम आमी मालकिणीकडनं परस्पर घेतलं, दादा. तुमीबी या टोळीत, मजुरी पुरी मिळंल. डबा तेवढा घरून आणा."