चमच्याच्या रेघा

दोन चमचे झाले आणि सिस्टरनं वाटी झाकली. आता तासभर थेंब द्यायचा नाही, असं तिनं किशनरावांच्या बायकोला, धुरपताबाईला बजावलं. पोटात कच्चे टाके आहेत. पाणी जास्त झालं तर उसवतील, मग डॉक्टरांच्याही हातात काही राहणार नाही.

किशनरावांचं पोटाचं ऑपरेशन सोमवारी झालं होतं. अल्सरनं सडलेला तुकडा काढला होता. दोन दिवस तोंडात काहीच नाही, फक्त हाताला बाटली. बुधवारी सकाळी चमच्याचं पाणी सुरू झालं. परभणीतला वैशाख, वर पत्रे, आणि पंखा गरम वाराच खाली ढकलायचा. एवढा सहा फुटी माणूस, पण वाटी दिसली की रडायचा.

किती चमचे दिले ते मांडून ठेवा, असं सिस्टरनं सांगितलं होतं. धुरपताबाईला लिहिता येत नव्हतं. तिनं खाटेमागच्या भिंतीवर कोळशानं रेघा ओढायला सुरुवात केली.

शेजारच्या खाटेवर पालमचे सूर्यभान मास्तर होते, हर्नियाचे. त्यांची बायको सुलाबाई सगळं बघत असायची. दवाखान्यात बघण्यावाचून दुसरं काम तरी काय असतं? येताना तिनं घरून माठ आणला होता. ओलं फडकं गुंडाळून तो खिडकीत ठेवला होता. पाणी असं गार, की दात शिवशिवावेत.

सोमवारी दुपारीच तिनं तांब्या भरून धुरपताबाईपुढं धरला होता.

"मावशी, पाणी घ्या. सकाळधरनं बसलाव तुमी."

धुरपताबाईनं तांब्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पदर तोंडावर ओढला आणि मान फिरवली.

सुलाबाई काय ते समजली. मास्तरांच्या उशाशी बाबासाहेबांची तसबीर होती, ती बाईला दिसली असणारच. नामांतराच्या दंगलीच्या साली गावानं वस्तीचं पाणी तोडलं, तेव्हा सुलाबाईनं सहा महिने नदीतल्या झिऱ्याचं पाणी वाहिलं होतं. मान कशी फिरवतात हे तिला नव्यानं शिकायचं नव्हतं. राग आला, आणि आपण विचारलंच कशाला म्हणून लाजही वाटली. तिनं तांब्या माठावर पालथा घातला.

मंगळवारी मात्र नवल घडलं. ती खाली औषधं आणायला गेली होती, तेवढ्यात मास्तरांना उलटी झाली. परत येऊन बघते तर धुरपताबाई मास्तरांचं डोकं धरून बसलेली, आणि आपल्याच पदरानं त्यांचं तोंड पुसायलेली. शिवायला चालतं आणि पाणी तेवढं चालत नाही, हा कुठला धर्म म्हणायचा? सुलाबाईनं मन मोठं केलं आणि तांब्या पुन्हा पुढं धरला. धुरपताबाईचे ओठ तडकले होते. तरी तिनं हात जोडले.

"राहू दे, लेकी," एवढंच म्हणाली.

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असं सुलाबाई नवऱ्याला ऐकवून बोलली. मास्तर म्हणाले, असेल काहीतरी. मास्तरांना नेहमीच काहीतरी असेल असं वाटायचं.

किशनरावांच्या भावानं गावाकडनं रोज डबा पाठवला. त्यातली भाकरी धुरपताबाई संध्याकाळी फाटकापाशी कुत्र्याला टाकायची, हेही सुलाबाईनं बघितलं. याला माज म्हणतात, हे तिचं ठरलं.

एका गोष्टीचं मात्र तिला हसू यायचं. सिस्टर सलाईनची नवी बाटली लावून गेली, की धुरपताबाई त्या बाटलीला हात जोडायची. नवऱ्याला सांगायची, लय ताकदीचं औषध हाय, ह्याच्यावरच तगलाव तुमी. देवळात घंटा वाजवल्यासारखी बाटलीला बोट लावायची आणि ते कपाळाला टेकवायची.

गुरुवारी दुपारी सुलाबाईचं लक्ष भिंतीकडं गेलं. तासाला दोन चमचे, म्हणजे तासाला दोन रेघा. भिंतीवर प्रत्येक वेळच्या चार होत्या. दोन वर, दोन खाली.

सुलाबाईनं ताडलं. नवऱ्याचं रडणं बघवत नाही म्हणून ही बाई चोरून दुप्पट पाणी पाजायली. आपल्याला काय करायचंय, असं तिनं घटकाभर म्हणून बघितलं. पण माणूस जिवानिशी जाईल. ती उठली आणि सिस्टरला सांगून आली.

सिस्टर तणतणत आली. नवऱ्याला मारायचंय का, असं तिनं तोंडावर विचारलं. धुरपताबाई खंडोबाची आण घेऊन सांगत राहिली, त्यांना दोनच दिलेत, थेंब जास्त नाही. सिस्टरनं ऐकलं नाही. वाटी-चमचा उचलून ती आपल्या टेबलाकडं निघाली.

धुरपताबाई तिच्या मागं जायला उठली. दोन पावलं चालली आणि फरशीवर कोसळली.

डॉक्टर धावत आले. तिच्या हाताची कातडी त्यांनी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. जीभ बघितली, लाकडासारखी कोरडी. जुलाब झाले का, उलट्या झाल्या का? दोन्ही नाही. मग आज पाणी किती प्यायलात, त्यांनी विचारलं.

धुरपताबाईनं भिंतीकडं बोट केलं.

"वरच्या दोन ह्यांच्या. खालच्या दोन माझ्या." मग दम घेऊन म्हणाली, "ह्यांच्या पोटात पडंल तेवढंच माझ्या पोटात, असं देवाला बोलले व्हते. कुणाला सांगितलं तर फळत न्हाई."

सुलाबाई तांब्या भरून आलेली होती. ती तिथंच उभी राहिली.

"अहो बाई," डॉक्टर म्हणाले, "त्यांना रोज तीन लिटर पाणी त्या बाटलीतनं जातंय."

धुरपताबाईनं मान वळवून नवऱ्याच्या उशाशी टांगलेल्या बाटलीकडं बघितलं.

"त्यात पाणी असतंय व्हय?"