अनवट

पाटलांची तिरडी उठली आणि बायका पाटलीणबाईंच्या पायांच्या अंगठ्यांतली चांदीची अनवटं काढायला बसल्या. डावं सुटलं, उजवं हलेना. “कसा जीव होता वं तिचा त्यायच्यावर!” थोरल्या जावेनं डोळ्यांना पदर लावला. पाटलीणबाईंच्या डोळ्यांत मात्र सकाळपासून टिपूस नव्हतं. उजवा अंगठा चार दिवसांपासून पुन्हा सुजून लालभडक होता. पाटलांचाही असाच सुजायचा. वीस वर्षं बाईंनी त्यावर एरंडाचं पान बांधलं. नांदुऱ्याच्या डॉक्टरला एकदा त्यांनी आपलाही पाय दाखवला, तेव्हा पाटील हसले होते, “बाईले कुठं वातरक्त होते? हा गडीमाणसाचा रोग.” डॉक्टरही हसला होता. शेवटी सोनाराला बोलावलं. कानस टेकवताच तो थबकला. “पाटलीणबाई, लय दुखते काय?” आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. पाटलीणबाईंनी हंबरडा फोडला. बायकांना हायसं वाटलं. “मालक गेल्याचं आता उमजलं तिले,” जाऊ म्हणाली.