हँडब्रेक ओढलेला आहे

सरतेशेवटी गाडी ताइमीकडेच आली, कर्जासकट. पण हे अजून घडलेलंच नाही असं धरून चालू. कारण मे महिन्यातल्या त्या मंगळवारी सकाळी ताइमी आणि आर्तो फिनलंडमधल्या मिक्केली गावच्या बँकेत शेजारी शेजारी बसले होते आणि काहीच ठरलेलं नव्हतं.

दोघं वेगळे होत होते आणि बाकी संसार वाटून झाला होता. भांडी आर्तोला, कुत्रा आर्तोला, तळ्याकाठचं कॉटेज ताइमीला. सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, दोघांचा, कारण सौना वाटून घेण्याइतकं भांडण त्यांचं झालं नव्हतं. राहिली होती लाल गाडी आणि तिचं कर्ज. दोघांच्या नावावर, अजून तीन वर्षं.

ताइमीला एकच गोष्ट हवी होती. त्या कर्जावरून आर्तोचं नाव निघायला हवं होतं, आणि तेही शनिवारच्या आत. शनिवारी आर्तो मासे धरायला कॉटेजवर येणार होता.

"एकाचं नाव काढायचं तर दुसऱ्याच्या पगारात हप्ता बसायला हवा," बँकेच्या केत्तुनेनबाई म्हणाल्या. "आणि सह्या दोघांच्या."

"बसतो," ताइमी म्हणाली. "गाडी माझी, कर्ज माझं. ह्याने एक सेंटही द्यायचा नाही."

आर्तोने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. अकरा वर्षांत ताइमीने त्याला पावाचा शेवटचा तुकडासुद्धा सुखासुखी दिला नव्हता.

"एवढी उदार कधीपासून झालीस?"

"एप्रिलपासून."

आता ताइमीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. ती खोटं बोलत नसे. तत्त्व वगैरे काही नव्हतं, तिच्या घराण्यात ती सवयच नव्हती. तिच्या आजोबांनी स्वतःच्या भर लग्नात पाद्र्याला सांगितलं होतं की नवरी दुसरी पसंती आहे. अडचणीचं काही असलं की ही माणसं थोडक्यात बोलत, एवढंच.

"किलोमीटर किती झालेत?" केत्तुनेनबाईंनी विचारलं.

"एकसष्ट हजार दोनशे चार."

"साधारण?"

"नक्की. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून ती जागची हललेली नाही."

आर्तो खुर्चीत पुढे सरकला. "कुठे लावलीयस?"

"कॉटेजला."

"उन्हात? रंग उडेल तिचा."

"ऊन लागत नाही."

"उंदीर वायरी खातात, ताइमी. गेल्या वर्षी शेजाऱ्याची अख्खी गाडी खाल्ली."

"तिथवर उंदीर पोचत नाहीत."

"हँडब्रेक ओढलायस ना? तुझी विसरायची सवय."

"ओढलाय."

आर्तोला जरा बरं वाटलं. मग परत वाटेनासं झालं. ती गाडी त्याने निवडली होती, रंगासाठी चार महिने थांबला होता. लग्नाच्या वेळी तो एवढा थांबला नव्हता.

"सही करतो," तो म्हणाला. "पण आधी एक शेवटची चक्कर. तळ्याला वळसा घालून येतो, की तुझी गाडी तुला."

ताइमीने समोरच्या वाडग्यातली ज्येष्ठमधाची गोळी तोंडात टाकली आणि सावकाश चघळली.

"नको आर्तो. तिची अवस्था तुला बघवणार नाही."

"धुतली नाहीस ना? वाटलंच मला."

"आतून बाहेरून धुऊन निघालीय."

"मग? दुसरा कोणी चालवतोय का? सरळ सांग, मी काही रडणार नाही."

"त्या सीटवर तुझ्यामाझ्याशिवाय कुठलाही माणूस बसलेला नाही."

केत्तुनेनबाईंनी फॉर्मवरची पुढची ओळ शोधली.

"विमा?" बाईंनी विचारलं.

"फक्त सक्तीचा, दुसऱ्याच्या नुकसानीपुरता," आर्तो जरा ओशाळून म्हणाला. "गेल्या शरद ऋतूत मीच कमी केला. म्हटलं, हिला व्हायचंय काय."

"बरोबर म्हणालास," ताइमी म्हणाली. "तेव्हा बरोबरच होतं."

आर्तोने पेन उचललं. "तू तिला माझ्यापेक्षा जास्त जपलंस," तो म्हणाला आणि सही केली. मग ताइमीने केली. केत्तुनेनबाईंनी कागद जुळवले, आणि ताइमीने महिन्याभरात पहिल्यांदा पाठ टेकून श्वास सोडला. तिचं मन पिसासारखं हलकं झालं होतं. अकरा वर्षं सोबत राहिलेल्या माणसावर असल्या ओझ्याचा एक सेंटही नको होता, आणि तो आता नव्हता.

बाहेर आर्तो बसच्या थांब्यावर उभा राहिला, तिने सायकलचं कुलूप काढलं.

"शनिवारी येतो," तो म्हणाला.

"ये. जाळं धक्क्याच्या उजवीकडे टाक. डावीकडे फाटेल."

"दगड आहेत?"

"नाहीत," ताइमी म्हणाली आणि सायकलवर बसली.

शनिवारी आर्तोला उजवीकडे इतके मासे मिळाले की दोन बादल्या कमी पडल्या. यंदा मासे इथे कसे काय वस्तीला आले, याचं त्याला नवल वाटलं. गाडीचं विचारायला तो विसरला. जाताना मात्र म्हणाला, वेगळं होणं एवढं सोपं असतं हे आधी कळलं असतं तर उगाच घाबरलो नसतो. ताइमीलाही तसंच वाटत होतं.

जूनमध्ये सरकारी पत्र आलं. गाडीची वार्षिक तपासणी बाकी आहे, तीस तारखेच्या आत केंद्रावर हजर करावी. ताइमीने धक्क्यावर बसून, पाय पाण्यात सोडून, त्याच दिवशी उत्तर लिहिलं.

"माननीय तपासणी अधिकारी यांस,

सदर गाडी मी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात गोठलेल्या तळ्याच्या बर्फावर उभी करून बर्फाखालचं माशांचं जाळं पाहायला उतरले होते. ती सध्या आमच्या धक्क्याच्या डावीकडे चाळीस मीटरवर, सहा मीटर खोल, तळाशी, सरळ उभी आहे. हँडब्रेक ओढलेला आहे. तरी तपासणी जागेवरच व्हावी, आणि पाठवल्या जाणाऱ्या अधिकाऱ्याला पोहता येत असावं, ही नम्र विनंती."