जुन्या व्हर्जनमधलं दार

हेमांगीच्या कोलशेतच्या ऑफिसात एकाच कॉम्प्युटरवर नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरची दोन व्हर्जन्स होती. नवं तिच्या कामाचं. जुनं ठेवलं होतं ते केवळ महिपत सुतारांसाठी, कारण त्यांच्याकडे नव्यातली फाइल उघडतच नसे.

आज तिच्याच डोंबिवलीच्या घराचा नकाशा नव्यात ठीक दिसत होता. जुन्यात मात्र बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीत एक दार होतं.

“मितेश, माझ्या फाइलला हात लावलास?” ती शेजारच्या टेबलावरच्या मदतनीसावर कडाडली.

“आईशप्पथ, नाही मॅडम!”

तिने दार पुसलं, फाइल बंद करून पुन्हा उघडली. दार तिथेच. पुन्हा पुसलं, तरी तिथेच. तिच्या डोक्यात तिडीक गेली. तिने ते जुनं व्हर्जनच कॉम्प्युटरवरून उडवून टाकलं.

तेवढ्यात तिच्या घरी कामाला गेलेल्या महिपतांचा फोन आला. “मॅडम, परवा पाठवलेल्या नकाशात होतं तसं बेडरूमचं दार बसवलं.”

“अक्कल गहाण ठेवलीत का? चौथा मजला आहे! त्या भिंतीपलीकडे नुसती हवा आहे!”

“तेच म्हणतोय मॅडम,” महिपत अगदी हळू बोलले. “मग पलीकडून कडी कोणी लावली?”