हाकेला ओ

यादीत ‘अहो’ नव्हतं.

प्रेरणानं फोन डोक्याच्या वर धरला, मग छातीशी आणला. घाटंजीच्या बाजारातल्या माणसांच्या खिशातली, कानातली, मनगटावरची यंत्रं स्क्रीनवर आपापली नावं सांगत होती. आजोबांच्या बंडीच्या आत शिवलेलं बटणाएवढं यंत्र तेवढं गप्प होतं.

“आता तं इथं होते,” विमलताई म्हणाल्या. “मी मिरच्या पाह्यल्या अन् मान वर केली तं बाजूले कोणी नाही.”

आजोबा, वामनराव, चालायला अजून खुटखुटीत होते. फक्त आपण कुठल्या गावचे, हे त्यांना अलीकडे आठवत नसे. बाजाराच्या एका टोकाला पांढरकवड्याचा रस्ता होता, आणि त्यावरचे ट्रक कोणासाठी थांबत नसत.

“तुह्यं यंत्र काहून बोलत नाही?”

“तेच पाहून राह्यली ना, आजी.”

यंत्राला बोलायला प्रेरणानंच शिकवलं होतं. कॉलेजात शिकलेली जावास्क्रिप्ट आणि कोणीतरी नेटवर फुकट ठेवलेली तयार कोडची लायब्ररी, एवढ्यावर ते आपलं नाव ब्लूटूथवरून सारखं हवेत सोडू लागलं. आधी तिनं आजोबांचं पूर्ण नाव घातलं. ते मावलं नाही. मराठी अक्षराला तिथं फार जागा लागते. मग नुसतं वामनराव लिहू का, म्हटल्यावर विमलताईंनी जीभ चावली. त्यांच्या वेळी बाई नवऱ्याचं नाव घ्यायची ती उखाण्यात, तेही चारचौघींनी दार अडवल्यावर. “माह्या फोनात ते नाव दिसन, अन् मी त्याच्यावर बोट दाबू? दुसरं काही लिही, माय.” तेव्हा प्रेरणानं हसत ‘अहो’ लिहिलं होतं.

आता ती दोरखंडवाल्यापर्यंत धावत गेली आणि तशीच परत आली. बॅटरी नवी होती. म्हणजे आजोबा लांब गेले. रस्त्याकडे गेले.

“आजी, तुह्या फोनात दिसते का पाह्य बरं.”

विमलताईंनी पिशवीतून फोन काढला. “याच्यात तं ते सकाळपासूनच चूप हाये. म्या ओ देल्ली त्याले.”

“काय देल्ली?”

“ओ. घरी सारखं अहो, अहो लुकलुकून राह्यलं होतं. कोणी हाक मारावी अन् आपण मुक्यावानी बसावं का? ठेवलं बोट. चूप झालं बिचारं.”

प्रेरणानं फोन हातातून ओढूनच घेतला. ‘अहो’च्या शेजारी हिरवा ठिपका होता. जोडलेलं. एकाशी जोडलं गेलं की यंत्र बाकीच्यांना हाका मारणं थांबवतं, हे तिनं परीक्षेत लिहिलं होतं. आजीचं बोट पडल्यापासून ते फक्त आजीच्या फोनाशी बोलत होतं.

“आजी, हे अजून जोडलेलं हाये. म्हणजे ते जवळच हायेत. लांब गेले असते तं तुटलं असतं.”

“मंग कुठी हायेत?”

“ते नाही समजत याच्यात. तोडावं लागन. तोडलं की ते पुन्हा हाका मारन, मंग जिकडं सिग्नलच्या रेघा वाढतील तिकडं जायचं.”

“मारन ना पण?”

प्रेरणाचं बोट ठिपक्यापाशी येऊन थांबलं. तुटल्यावर पुन्हा हाका सुरू कर, ही ओळ वेगळी लिहावी लागते. ती लिहिल्याचं तिला आठवेना.

हिरवा ठिपका मिणमिणायला लागला. आजोबा लांब चालले होते.

“दे इकडं,” विमलताई म्हणाल्या. “ओ म्या देल्ली, सोडतेही मीच.”

त्यांनी बोट दाबलं. प्रेरणाच्या फोनात कोणाचं घड्याळ आलं, कोणाचा स्पीकर आला. दोघी नुसत्या पाहत राहिल्या. मग पार तळाशी ‘अहो’ आलं. एकच रेघ.

कांद्याच्या ढिगांमधून त्या निघाल्या. रेघ गेली. उलट्या फिरल्या. रेघ आली, दुसरी आली. भांडीवाल्याला वळसा घालून, घुंगुरमाळांच्या दुकानामागून त्या बाहेर पडल्या आणि सगळ्या रेघा भरल्या. समोर रस्ता होता. रस्त्याच्या कडेला वामनराव पाठमोरे उभे होते.

“अहो,” विमलताईंनी हाक मारली.

तिघा-चौघा पुरुषांनी वळून पाहिलं. “मले म्हणता का, काकू?” त्यातला एक हसला. वामनराव वळले नाहीत. त्यांचा एक पाय डांबरावर पडला होता. वळणावर ट्रकचा हॉर्न वाजला.

“आजी, नाव घे ना.”

विमलताईंचे ओठ हलले. मग जो आवाज निघाला तो त्यांचा वाटला नाही. तिन्हीसांजेला अंगणातून पोराला घरात बोलवावं तसा, लांबवलेला, दटावणारा.

“वामन्या, माघारी फिर!”

डांबरावरचा पाय मागे आला. ट्रक धूळ उडवत निघून गेला. वामनराव वळले.

“ओ,” ते म्हणाले. “आलो वं माय.”

विमलताईंनी पदर डोक्यावर ओढला आणि हात पुढे केला. प्रेरणाच्या फोनात ‘अहो’ अजून हाका मारत होतं.