क्षण टिपणारी

लेकीचं पहिलं पाऊल लॅबपायी हुकेल, ही रूपाची रोजची धास्ती. आज मात्र ती जळगावहून नाचतच घरी आली.

"अक्का, सापडला! अल्कोहोलमध्ये सुटलेला इलेक्ट्रॉन पापणी लवायच्या आत विरून जातो, पण त्याने गिळलेला उजेड आमच्या यंत्राने बरोबर टिपला."

"दारूमा पडेल कोन टिकस, माय?" सासूबाई हसल्या.

तेवढ्यात लेक भिंत सोडून दोन पावलं चालली. रूपाचे डोळेच भरून आले. "अक्का, पहिलं पाऊल! तेही माझ्यासमोर!"

"तुनीच वाट देखी ऱ्हायनी व्हती पोर."



एवढं बोलून सासूबाई पाय चेपत बसल्या. सकाळपासून अंगणभर दुडदुडणाऱ्या नातीमागे धावून ते भरून आले होते.