न छेडलेली तार

श्रियाने गंधार लावला आणि हेमाताई किणीकरांना त्यात चूक सापडली नाही. वर्षभर हटकून खाली राहणारा गंधार आज अगदी जागेवर होता.

"लागला ना, ताई? माझं काल आलेलं गाणंही सगळ्यांना आवडलंय. इतका सुरेल आवाज ऐकलाच नाही म्हणतात!"

हेमाताईंनी खिडकी उघडली. खाली भाजीवाला ओरडत होता, तोही सुरात. त्याच्यावर भुंकणारं कुत्रंसुद्धा सुरात.

म्हणजे हा कानातल्या यंत्राच्या नव्या आवृत्तीचा प्रताप होता. ती परवाच आली होती आणि शहरात यंत्राशिवाय कोणी फिरत नव्हतं. ताईंना तर त्याच्याशिवाय काहीच ऐकू येत नसे.

त्यांनी दोन्ही यंत्रं काढून डबीत ठेवली. तंबोरा जवळ ओढून भोपळ्यावर तळवा टेकला. गंधार नेमका लागला की खर्जाची तार न छेडताच थरथरते, हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं.

"गा."

श्रिया गायली. भोपळा ढिम्म.

"खाली आहे. पुन्हा."

श्रियाने वैतागून फोनवर टाइप करून दाखवलं, 'पण लोकांना बरोबरच ऐकू येतंय ना?'

"लोकांना येतंय. तारेला येत नाही. पुन्हा."

श्रिया घुश्शातच उठली, दारापर्यंत गेली, थांबली. तिने कानातली यंत्रं काढली आणि हळूच गंधार लावून पाहिला. स्वतःचाच आवाज ऐकून ती दचकली.

मग परत येऊन तिने यंत्रं ताईंच्या डबीत टाकली, आणि मांडी घालून बसली.